नाक बदलून आलेला माणूस

४ फेब्रुवारी

आई,

तुमचं पार्सल काल मिळालं. साबणाची डबी, डबीत कापूस, कापसात तुमची खालची कवळी आणि एक चिठ्ठी : "डावीकडे टोचते." अठ्ठावीस दिवसांनी तुमच्याकडून आलेले हे दोन शब्द! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत, मोजकं बोलायची सवय असणार हे कबूल. पण पूर्वी लोक तारेतसुद्धा याहून जास्त लिहायचे.

फोन तर तुम्ही घेतच नाही. तुमच्या बहिणीने, म्हणजे मावशींनी, उचलला की त्या म्हणतात, "ती आंघोळीला गेलीय गं." गेल्या चार आठवड्यांत तुम्ही अकरा वेळा आंघोळीला गेलात. त्यातली एक दुपारी तीनला होती. म्हणून आता पत्र लिहायला बसले. पत्र आलं तर आंघोळीला जाऊन भागत नाही, ते दाराशी पडून राहतं.

आता कवळीचं. आमच्या लॅबच्या फळीवर तुमच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा अजून आहे. दोन वर्षांपूर्वी ही कवळी मी त्याच्यावरच बनवली होती. काल डबीतून काढून त्याच्यावर ठेवली, तर तंतोतंत बसली, बोट लावून हलेना. म्हणजे कवळी जशीच्या तशी आहे. तोंड बदललंय. हिरड्या आटल्यात. महिन्याभरात इतक्या आटतात त्या माणूस जेवत नसला की. आता हे मावशींना विचारू, की तुम्हीच सांगता?

डाव्या कडेला थोडं घासून चाकावर पॉलिश करून पाठवतेय. टोचायची नाही, पण थोडी सैल बसेल. खरा उपाय म्हणजे नवीन माप. माप डॉक्टर घेतील, कवळी मी करीन, पण त्यासाठी तोंड इथे हवं. ते बसने सहा तासांवर रुसून बसलंय.

घरी सगळं ठीक. तुमच्या कुंड्यांना रोज न चुकता पाणी घालते. टीव्ही त्या दिवसापासून लावलेला नाही. वेळच नसतो.

त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. याहून जास्त आत्ता लिहवत नाही.

तुमची सून

१५ फेब्रुवारी

आई,

"बरी बसते. जेवते. कुंड्यांना रोज पाणी घालू नकोस, मुळं कुजतील." या वेळी दहा शब्द! प्रगती आहे. पाणी एक दिवसाआड केलंय. पानं पिवळी पडली होती, ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, देव जाणे.

काल लॅबमध्ये जेवताना गंमत झाली. विषय कसा निघाला कोण जाणे, पण कोणी कोणती मालिका कशापायी सोडली याची यादीच सुरू झाली. आमच्या पॉलिशवाल्या काकांनी एक मालिका सोडली, कारण तिच्यातली बाई झोपतानासुद्धा गळाभर दागिने घालून झोपते. काका म्हणाले, "मला रात्रभर तिचीच काळजी. कूस बदलली तर टोचणार नाही का?" रिसेप्शनवालीने गाण्याची स्पर्धा सोडली, कारण गाणं दोन मिनिटं आणि परीक्षकांचं रडणं वीस मिनिटं. डॉक्टरांनी तर स्वयंपाकाचा कार्यक्रम सोडला. हरलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर कॅमेरा धरून ठेवला होता म्हणे. त्याचे ओठ थरथरायला लागले तरी हटवेनात. डॉक्टर म्हणाले, "मी रोज लोकांना तोंड उघडायला लावतो, पण रडायला लागला की हातातलं खाली ठेवतो."

मग सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही काय सोडलं? मी म्हटलं, आठची. काका म्हणाले, "ती? ती तर आमच्याकडे मेलेला नवरा परत आला त्याच दिवशी बंद. बायकोने रिमोटच फेकला. नाक बदलून परत येतात होय माणसं?"

आई, माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण हे शब्द जवळजवळ माझेच. फरक इतकाच, की काकांच्या बायकोने रिमोट फेकला आणि मी शब्द तुमच्यावर फेकले.

तो प्रसंग तुम्हाला पाठ असेल, तरी मला एकदा लिहू दे. घाट चढताना गाडीसकट दरीत गेलेला नायक तीन वर्षांनी दारात उभा राहतो. नवीन नट, नवीन तोंड. चेहऱ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. पार्श्वसंगीत वाजतंय, घंटी वाजतेय, बायको दाराकडे निघालीय. तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसला होतात. तुमचा हात गुडघ्यावर होता. मी उठले, टीव्ही बंद केला आणि तुमच्याकडे वळून म्हटलं, "तुमचा मुलगा मेलाय. तो काही नाक बदलून परत येणार नाही."

सहा वर्षांत आपल्या घरात 'मेला' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. आपण म्हणायचो "ते झालं तेव्हा", "त्याच्या वेळेला". आणि मी तो शब्द उच्चारला तोही असा, सासूच्या तोंडावर. चौथ्या दिवशी बॅग भरलीत.

माझं चुकलं. माफ करा म्हणायलाही तोंड नाही, तरी म्हणते. तुमचा तेवढा एकच विरंगुळा होता, तो मी असा हिसकावून घेतला.

तुमची सून

२४ फेब्रुवारी

आई,

उत्तर नाही. नऊ दिवस पोस्टमनच्या सायकलकडे बघून झालं.

मग मीच पुढे लिहिते. पहिल्या पत्रात मी एक थाप मारली होती. टीव्ही त्या दिवसापासून लावला नाही असं लिहिलं. लावला होता. दुसऱ्याच दिवशी, तुम्ही भाजी आणायला गेला होतात तेव्हा. सकाळी तोच भाग परत दाखवतात ना, तेव्हा. तिने दार उघडलं का ते मला बघायचं होतं. खरं सांगते, रात्रभर दुसरं काही डोक्यात नव्हतं.

तिने दार उघडलं. समोर तो उभा. आणि तिने त्याला ओळखलं नाही. "कोण हवंय आपल्याला?" म्हणाली. झालं, मी सोफ्यावर बसून हमसून हमसून रडले. त्या रडक्या बाईसाठी नाही हो. मला वाटलं, उद्या खरंच घंटी वाजली तर मी तरी कशाने ओळखीन? मला त्याचा आवाज आठवत नाही, आई. हसणं आठवतं, पायांची बोटं आठवतात, आवाज येतच नाही. ही गोष्ट मी कोणाजवळ बोलायची? जगात दोनच माणसं, ज्यांना तो आवाज ऐकून ऐकून पाठ होता. त्यातलं एक मीच घालवून बसले.

आणि आता आणखी एक. हे ऐकून रागवायचं तर रागवा. मला ती मालिका कधीच आवडली नाही. पहिल्या आठवड्यापासून. भेटायला येणारी माणसं कमी झाली, घर एकदम रिकामं झालं, तेव्हा एका संध्याकाळी टीव्ही चालू राहिला होता आणि आठ वाजता ती लागली. तुम्ही बघत बसलात. मला वाटलं, चला, आईंचं मन रमतंय. दुसऱ्या दिवशी आठला मीच लावली. मग रोजच. लॅबमधलं काम अर्धं टाकून साडेसातची बस गाठायची मी, का तर आईंची मालिका चुकायला नको. त्या बाईचं रडणं, तिच्या जावेचं एक भुवई वर करणं, एकच वाक्य तीन तीन कोपऱ्यांतून दाखवणं. अक्षरशः दात-ओठ खाऊन बघितली. सहा वर्षं. मी मनातल्या मनात तिला 'रडूबाई' म्हणायचे आणि जावेला 'भुवई'.

तुमच्या सुखासाठी बसले म्हणून मी काही मोठी नाही होत. उलट सोयच होती माझी. टीव्ही चालू असला की तुमच्याशी काही बोलावं लागत नसे.

एवढं वाचून पत्र फाडलंत तरी चालेल, पण जेवत जा.

तुमची सून

५ मार्च

आई, अहो आई,

चार पानं! पाठपोट! पाकीट जाड लागलं म्हणून आधी वाटलं कवळी परत आली.

दारातच वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर इतकी हसले की शेजारीण बाहेर आली. तिला काय सांगू? की माझ्या सासूबाईंनाही ती मालिका पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती? की "तुला बरं वाटतंय ना, मग बसू दे, आपलं काय जातंय" म्हणून त्या सहा वर्षं खुर्चीत बसून मनातल्या मनात जुन्या टेलिफोन नंबरांची उजळणी करत होत्या? आणि मला वाटायचं, बघा किती तल्लीन होतात!

एकीला नको, दुसरीला नको, आणि दोघी मिळून रोज अर्धा तास. अशा वेड्या घरात मी लग्न करून आले, आणि आल्यावर मीही वेडी झाले. हिशेब चुकता. तुम्ही रडूबाईला 'नळ' म्हणायचात हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. माझ्या नावापेक्षा सरस आहे. 'भुवई' मात्र तुमचंही 'भुवई'च निघालं. दोघींनी एकदा, एकदा तरी ते मोठ्याने म्हटलं असतं!

आणि तिकडे मावशी तीच मालिका लावतात, आवाज वाढवून. तुम्ही आठ वाजले की जिन्यात जाऊन बसता. भिंतीतून रडूबाई ऐकू येते. आई, माफ करा, पण याला म्हणतात आगीतून उठून फुफाट्यात.

तिसरं पान मात्र उभ्याने वाचवलं नाही. तुम्ही लिहिलंय : "तू म्हणालीस मेलाय, तेव्हा मला बरं वाटलं. सहा वर्षं कोणी म्हणत नव्हतं. सगळे कुजबुजत होते. तू मोठ्याने म्हणालीस आणि छातीवरचा दगड उतरला. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. आईला असं बरं वाटावं का? तुझ्या डोळ्याला डोळा देववेना, म्हणून निघाले. तू वाईट बोललीस म्हणून नाही गं."

मी हे तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगावर बसून तीनदा वाचलं. मग उठले, आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं, "माझा नवरा मेला." पुन्हा म्हटलं. आई, मलाही बरं वाटलं. आता दोघींनी लाजायचं असेल तर एकत्रच लाजू.

केबलवाल्याला बोलावून सगळं बंद करून टाकलं. त्याच्याकडे छापील कागद असतो. विचारलं, "बंद करण्याचं कारण?" मी म्हटलं, आवडत नाही. "काय आवडत नाही?" म्हटलं, सहा वर्षांपासून आवडत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं : घरगुती कारण. म्हटलं, बरोबर लिहिलंत.

शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, ते झालं त्या सकाळी तो घरातून निघताना काही बोलला होता का. विशेष काही नाही. घाईत होता. नेहमीसारखंच.

या ना आता. माप घ्यायला म्हणून या, नाहीतर मला शिव्या द्यायला म्हणून.

तुमची सून

१४ मार्च

आई,

तुमचं पोस्टकार्ड आज दुपारी लॅबच्या पत्त्यावर आलं. माझ्या हाताला प्लास्टर लागलेलं होतं, ते पुसायचंही भान राहिलं नाही. कार्डावर अंगठ्याचा पांढरा ठसा उठलाय.

तुम्ही लिहिलंय : "विचारायला नको होतं, पण विचारल्याचं कारण सांगते." तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तुमचं आणि त्याचं वाजलं होतं. त्या आठवड्यात मला रोज उशीर होत होता, एका मोठ्या ऑर्डरचं काम होतं. तो म्हणाला, हिला घर म्हणजे धर्मशाळा वाटते. आणि तुम्ही त्याला झापलंत : "ती काय हवा खायला जाते? दिवसभर राबून येते आणि आल्या आल्या तुझं वाकडं तोंड बघते. एवढं आहे तर भांडी तू घास." तो न बोलता जेवला, न बोलता झोपला. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात निघून गेला. आणि दुपारी फोन आला, की कामावर खुर्चीत बसल्या बसल्याच.

"माझ्याशी अबोला धरून गेला पोरगा. सुनेची बाजू घेतली म्हणून. खोटं कशाला बोलू, कधी कधी मला तुझाही राग यायचा."

यायचा, आई. मला कळायचं. भाजी चिरताना कधी मध्येच थांबून तुम्ही माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, मुलगा गेला आणि ही कशी राहिली, असं वाटत असणार. कारण काही निराळंच होतं हे मला कुठून कळणार? मला या भांडणाचा पत्ताच नव्हता. मी आले तेव्हा तो झोपलेला होता.

आता माझं ऐका. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. "विशेष काही नाही" हे खोटं आहे.

त्या सकाळी तो दाराशी बूट घालत होता. आतून तुमचा पाण्याचा आवाज येत होता. लेस बांधता बांधता मान वर करून म्हणाला, "आईला सांग, तिचं बरोबर होतं. आणि म्हणावं, आजपासून भांडी माझ्याकडे." मी म्हटलं, कशाबद्दल? म्हणाला, "तिला कळेल." आणि हसला. गालातल्या गालात नाही, चांगला मोठ्याने हसला. मग गेला.

मी तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी सांगायला शुद्ध नव्हती. पुढे माणसांनी घर भरलेलं. मग माणसं गेली, आणि मग माझ्या मनात आलं ते आज लिहिते. त्याचं शेवटचं वाक्य, आणि तेही माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी. मी नुसती निरोप पोचवणारी. मला हेवा वाटला तुमचा. म्हटलं, यांच्याजवळ त्याचं लहानपण आहे, शाळा आहे, पडलेले दुधाचे दात आहेत. निदान एवढं एक वाक्य माझ्याजवळ राहू दे. कळत तर काही नव्हतं त्यातलं, तरी धरून बसले. वर्ष झालं, दोन झाली. इतका शिळा निरोप कसा द्यायचा याचीच मग भीती वाटायला लागली. रोज आठ वाजता तुमच्या शेजारी बसायचे आणि रोज वाटायचं, आज सांगू. मग रडूबाई सुरू व्हायची.

तो अबोला धरून गेला असं उराशी घेऊन तुम्ही सहा वर्षं काढलीत, आणि उत्तर हातभर अंतरावर, तुमच्या खुर्चीशेजारच्या सोफ्यावर होतं. मला याची जितकी शरम वाटते तितकी त्या दिवशीच्या शब्दांचीही वाटत नाही. तुम्ही रागवा. पण रागावलात तरी आज मला इतकं हलकं वाटतंय की लॅबमध्ये काकांनी दोनदा विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझ्या नवऱ्याने माझ्याबद्दल काहीतरी चांगलं म्हटलंय. ते बिचारे माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आले.

कारण तेही मला आज कळलं. तुमचं कार्ड आलं तेव्हा. मी ज्याला तुमचं वाक्य समजून कुढत बसले, ते माझ्याबद्दलचं होतं. भांडी माझी वाचणार होती.

पत्र पोचायला चार दिवस लागतात. आणखी चार दिवस मी तुम्हाला थांबवणार नाही. उद्याची रजा टाकलीय, पहाटेच्या पहिल्या बसने निघते, दुपारपर्यंत मावशींच्या दाराशी पोचेन. हे पत्र मीच तुमच्या हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर मध्येच रडू येईल आणि तुम्हाला निम्मंच ऐकू येईल. तुम्ही सावकाश वाचा. मी समोर बसते. काय बोलायचं ते नंतर बोला, सगळं ऐकून घेईन.

तो तुमच्यावर रागावून गेला नाही, आई. हसत गेला.